सारखं पडत राहणारं यान

स्पेस स्टेशनच्या खिडकीबाहेर पृथ्वी सरकतेय आणि आत माणसं तरंगतायत, बहुतेकांना वाटतं तिथे गुरुत्वाकर्षणच नाही, पण तसं नाहीये. स्टेशन जेमतेम 400 किलोमीटर वर आहे, तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळपास 90 टक्के असतेच. मग ते खाली का येत नाही? येतंय ना, सारखं पडतच असतं, फक्त पुढे जायचा वेग ताशी 28,000 किलोमीटर असल्याने जेवढं पडतं तेवढीच खालची पृथ्वी वळलेली असते, त्यामुळे जमीन काही गाठता येत नाही. दीड तासात एक फेरी, तीही बहुतेक वेळ इंजिन बंद ठेवून.

पण हाच वेग जिवावरही उठतो. 1983 मध्ये चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाच्या काचेला खड्डा पडला, कशाने, तर अशाच वेगाने भिरभिरणाऱ्या रंगाच्या एका कपचीने, मिलिमीटरपेक्षाही लहान! यावरचा उपाय फ्रेड व्हिपल या खगोलशास्त्रज्ञाने 1940 च्या दशकातच सुचवला होता, एकही माणूस अंतराळात जायच्या आधी, आणि मला तो फार म्हणजे फार आवडतो. भिंत जाड करत बसायचंच नाही. बाहेर थोडं अंतर सोडून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा लावायचा, कण त्यावर आदळला की स्वतःच्याच वेगाने फुटतो, त्याचा भुगा मधल्या पोकळीत पसरतो आणि आतल्या भिंतीला एका जागी बसणारा मार वाटला जातो. स्टेशनवर मध्ये केवलारचे, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटात असतो तसल्या चिवट धाग्याचे, थर पण आहेत. मोठे तुकडे मात्र यात थांबत नाहीत, ते येताना कळलं की थ्रस्टर, म्हणजे छोटी इंजिनं, चालवून स्टेशनच बाजूला घेतात.

आणि परत यायचं तर हा सगळा वेग कुठेतरी टाकायला हवा. माणसांना परत आणणारं रशियाचं सोयूझ यान इंजिन पुढे करून साधारण साडेचार मिनिटं चालवतं, त्याने वेग सेकंदाला 128 मीटर एवढाच कमी होतो, बास, बाकीचा ब्रेक हवा लावते. समोरची हवा दाबली जाऊन भयंकर तापते, म्हणून तळ मुद्दाम बोथट ठेवतात, म्हणजे ती तापलेली हवा जरा लांबच राहते आणि बरीचशी उष्णता बाजूने निघून जाते. उरलेली उष्णता हीट शील्ड स्वतः जळत, झिजत घेऊन जाते.

मग पॅराशूट. जमीन मीटरभरावर आली की तळाची छोटी रॉकेट्स पेटतात, तरी आतल्या तिघांना दणका बसतोच, म्हणून प्रत्येकाच्या सीटचं अस्तर त्याच्या अंगाचा साचा घेऊन बनवलेलं असतं.