विधेयकाची शेवटची पाने

[दृश्य: छापील विधेयक, शेवटची पाने एकेक करून उलटली जातात]

संसदेत मांडल्या जाणाऱ्या सरकारी विधेयकाची कलमे संपली, की त्यांच्यामागे आणखी काही पाने जोडलेली असतात. त्यांत सर्वांत आधी येते ते उद्देश व कारणे यांचे निवेदन आणि त्याखाली विधेयक मांडणाऱ्या मंत्र्यांचे नाव असते. विधेयकामुळे खर्च होणार असेल, तर तिजोरीवर किती भार पडेल हे सांगणारे वित्तीय ज्ञापन असते. नियम करण्याचे अधिकार सरकारकडे सोपवले जाणार असतील, तर ते कोणत्या बाबींसाठी, हे सांगणारे आणखी एक ज्ञापन असते. या कायद्यामुळे नागरिकांच्या कोणत्या मूलभूत हक्कावर मर्यादा येते, ती किती येते आणि ती का अपरिहार्य आहे, हे सांगणारे पान मात्र या पानांत नाही.

असे पान प्रत्येक विधेयकाला जोडावे, ही आमची मागणी आहे. हा विचार नवा नाही आणि परकाही नाही. 5 फेब्रुवारी 2014 रोजी केंद्र सरकारने विधेयकपूर्व विचारविनिमयाचे धोरण सर्व मंत्रालयांना कळवले. मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा आणि त्याच्यासोबत पर्यावरण, मूलभूत हक्क आणि बाधित लोकांचे जीवन व उपजीविका यांवर होणाऱ्या परिणामांचा अंदाजही द्यावा, असे त्या धोरणात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आम्ही ज्या पानाची मागणी करतो आहोत, ते सरकारने स्वतःच कागदावर मान्य केलेले आहे. परंतु हे धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि ते पाळले नाही म्हणून विधेयक अडत नाही.

[दृश्य: हस्तलिखित संविधानाची पाने, अनुच्छेद 13 वर कॅमेरा स्थिरावतो]

प्रेम बिहारी नारायण रायजादा यांच्या हस्ताक्षरातील आणि नंदलाल बोस यांच्या चित्रांनी सजलेल्या संविधानात कायद्याच्या परीक्षणाचा पाया या अनुच्छेदात आहे. मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्याने करू नये, आणि केलाच तर तो जितका विसंगत असेल तितका शून्यवत ठरेल, असे अनुच्छेद 13 सांगतो. यातील पहिले वाक्य न्यायालयाला उद्देशून नाही, ते कायदा करणाऱ्याला उद्देशून आहे, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट हीच आहे. न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग अनुच्छेद 32 ने दिला. 9 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला संविधानाचा आत्मा आणि हृदय म्हटले. पण त्या मार्गावर नागरिक पोहोचतो तेव्हा कायदा लागू झालेला असतो आणि बहुधा कुणाला तरी त्याची झळ बसलेली असते.

परीक्षण कसे करायचे, याचे निकष न्यायालयांनी काळानुसार घडवले आहेत. मनेका गांधी खटल्यात 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की एखाद्याचे स्वातंत्र्य काढून घेणारी कार्यपद्धती केवळ कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य, उचित आणि वाजवी असावी लागते. खासगीपणाच्या हक्कावर 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींनी दिलेल्या निकालातून प्रमाणबद्धतेचा निकष ठळक झाला. हक्कावरील मर्यादेला कायद्याचा आधार आहे का, तिच्यामागचा हेतू वैध आहे का, आणि त्या हेतूच्या मानाने ती मर्यादा अवाजवी तर नाही ना, हे तपासणे आता आवश्यक ठरले. कायद्याची भाषा सर्वांना सारखी दिसली, तरी त्याचा भार एकाच गटावर अधिक पडू शकतो. 2021 च्या नितिशा खटल्यात लष्करातील महिला अधिकाऱ्यांच्या संदर्भात न्यायालयाने अशा अप्रत्यक्ष भेदभावाची स्पष्ट दखल घेतली.

[दृश्य: 2016 च्या विधेयकाचे पान, व्याख्येच्या ओळी मोठ्या करून]

हे सारे निकष एका व्याख्येला लावून पाहू. ‘पूर्णतः स्त्री नाही आणि पूर्णतः पुरुषही नाही’ अशा आशयाचे हे शब्द 2 ऑगस्ट 2016 रोजी लोकसभेत मांडलेल्या तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या विधेयकातील आहेत. त्याआधी दोन वर्षे, 15 एप्रिल 2014 रोजी, नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केलेला होता. विधेयकाने मात्र ती ओळख ठरवण्यासाठी जिल्हा छाननी समिती सुचवली. मुख्य वैद्यकीय अधिकारी, जिल्हा समाजकल्याण अधिकारी, मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ, तृतीयपंथी समुदायाचा एक प्रतिनिधी आणि सरकारने नेमलेला एक अधिकारी, अशा पाच जणांसमोर उभे राहून माणसाने आपण कोण आहोत याचे प्रमाणपत्र मिळवायचे होते. हक्क देण्यासाठी लिहिलेल्या कायद्याच्या दारातच हक्काचा संकोच होत होता, आणि उद्देश व कारणांच्या निवेदनात त्याचा मागमूस नव्हता.

हे विधेयक सामाजिक न्यायविषयक स्थायी समितीकडे गेले. अशा विभागनिहाय समित्या 1993 पासून अस्तित्वात आहेत. आज त्या 24 आहेत आणि प्रत्येकीत लोकसभेचे 21 व राज्यसभेचे 10 असे 31 सदस्य असतात. त्यांच्यात मंत्री नसतात, बैठका बंद दाराआड होतात, आणि कदाचित म्हणूनच पक्षादेशाचा दबाव तेथे थोडा सैल असतो. समिती लोकांकडून निवेदने मागवते, साक्षी घेते, मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना प्रश्न विचारते आणि कलमवार विचार करते. ज्या सदस्याला अहवाल पटत नाही, तो आपली असहमती सांगणारी भिन्नमतपत्रिका जोडतो. या समितीसमोर तृतीयपंथी व्यक्तींनी आपले म्हणणे मांडले, आणि जुलै 2017 च्या अहवालात समितीने त्या व्याख्येवर कठोर टीका केली. ज्यांच्यावर कायदा लागू होणार आहे, त्यांनी तो लागू होण्याआधी वाचला आणि त्यातील चूक दाखवली, तर काय घडू शकते याचे आम्हाला माहीत असलेले हे सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे.

[दृश्य: निदर्शने, फलक, रस्त्यावरची गर्दी, काही क्षण निवेदन थांबते]

डिसेंबर 2018 मध्ये लोकसभेने मंजूर केलेल्या सुधारित विधेयकात व्याख्या बदललेली होती, पण छाननी समिती कायम होती. ते विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बाद झाले. जुलै 2019 मध्ये पुन्हा मांडलेल्या मसुद्यातून छाननी समितीही गेली. प्रमाणपत्र देण्याचे काम जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे राहिले, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेनंतरच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची अट राहिली. ते प्रवर समितीकडे, म्हणजे खास त्या विधेयकासाठी नेमलेल्या सदस्यांच्या समितीकडे, पाठवावे हा प्रस्ताव राज्यसभेत फेटाळला गेला आणि 26 नोव्हेंबर 2019 रोजी, संविधान दिनीच, विधेयक मंजूर झाले. कायदा 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला. त्यातील तरतुदींना सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.

[दृश्य: संसद भवनाची नवी इमारत, संध्याकाळ]

समितीकडे जाण्याची संधी प्रत्येक विधेयकाला मिळत नाही. पंधराव्या लोकसभेच्या काळात सत्तर टक्क्यांहून अधिक विधेयके समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे 16 टक्क्यांवर आले. शिवाय समितीने मसुदा पाहिला, म्हणून पुढे बदललेला मसुदाही तपासला गेला असे होत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम 66-अ घालणारी दुरुस्ती डिसेंबर 2008 मध्ये लोकसभेत गोंधळात आणि चर्चेविना मंजूर झाली. ‘त्रासदायक’ किंवा ‘गैरसोय करणारा’ संदेश म्हणजे काय, हे त्या कलमात कुठेही सांगितलेले नव्हते, तरी शिक्षा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची होती. 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना समाजमाध्यमावरील मजकुरावरून अटक झाली. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल खटल्यात न्यायालयाने संदिग्धतेच्या कारणावरून ते कलम घटनाबाह्य ठरवले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदले जात राहिले, आणि 2022 मध्ये न्यायालयाला ते थांबवण्याचे आदेश पुन्हा द्यावे लागले.

विधेयकाचा हक्कांशी मेळ बसतो का, हे आधीच सांगण्याची सोय काही देशांत आहे. न्यूझीलंडमध्ये 1990 च्या हक्कविषयक कायद्याच्या कलम 7 नुसार एखादे विधेयक हक्कांशी विसंगत वाटले, तर महान्यायवादीला ते सभागृहाच्या निदर्शनास आणावे लागते. ब्रिटनमध्ये 1998 च्या मानवी हक्क कायद्याच्या कलम 19 नुसार मंत्र्याला दुसऱ्या वाचनापूर्वी लेखी सांगावे लागते, की आपले विधेयक हक्कांशी सुसंगत आहे, किंवा तसे म्हणता येत नसले तरी सरकारला ते पुढे न्यायचे आहे. या कागदाने विधेयक थांबत नाही, पण उत्तर देण्याची जबाबदारी कुणाची, हे त्याने ठरते.

[दृश्य: वर्तमानपत्रातील समितीची जाहिरात]

संसदीय समिती निवेदने मागवते, तेव्हा ती हिंदी किंवा इंग्रजीत पाठवायची असतात आणि मुदत साधारणपणे दोन आठवड्यांची असते. 2020 मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने तो संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला होता. विधेयकांच्या मसुद्यांना अद्याप असा सर्वसाधारण नियम लागू नाही. हक्कांवरील परिणामांचे पान विधेयकाला जोडावे, आणि मसुदा व ते पान दोन्ही मराठीसह सर्व भाषांत 30 दिवस लोकांसमोर राहावेत, ही आमची मागणी 2014 च्या धोरणाला कायद्याचे बळ दिल्यास पूर्ण होऊ शकते; त्यासाठी घटनादुरुस्तीची गरज नाही.