हेर पकडला कधी आणि सांगितलं कधी?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं बोलतोय. परवा रंकाळ्यावर भेळ खाताना पण एकानं थांबवून विचारलं, दादा, परदेशी हेर नेमका मोठ्या भेटीगाठीच्या तोंडावरच कसा काय घावतोय? कमेंटमध्ये पण तेच. मग आज बोलूयाच.

हेर कोण, काय करतोय, ते तुम्हाला माहितीय, पुढं जातो. पकडल्याची तारीख वेगळी आणि जाहीर केल्याची तारीख वेगळी, आणि राजकारण बघायचं तर आधी दुसरी बघा.

कुलभूषण जाधव घ्या, पाकिस्ताननं हेर म्हणून धरलेले आपले माजी नौदल अधिकारी. जन्म सांगलीचा, आपल्या बाजूचा माणूस, म्हणून ही केस मला लई लागते. पाकिस्तान म्हणतंय ३ मार्च २०१६ ला बलुचिस्तानात पकडलं, भारत म्हणतोय इराणमधनं पळवून नेलं. पण जगाला सांगितलं कधी? २४-२५ मार्चला! आणि २५ तारखेलाच इराणचे तेव्हाचे अध्यक्ष रुहानी इस्लामाबादेत. म्हणजे पाकिस्तानचंच खरं धरलं तरी तीन आठवडे माणूस कोठडीत आणि बाहेर कुणाला पत्ता नाही.

माझी स्प्लेंडर चोरीला गेलेली तेव्हा हेच बघितलंय. एक दिवस पेपरात फोटो, ओळीनं लावलेल्या गाड्या, मागं साहेब लोक उभे. आणायला गेलो तर टाकीवरच्या अंबाबाईच्या स्टिकरवर बोटभर धूळ. गाडी कधीच सापडलेली ओ, फोटोचा मुहूर्त नंतरचा.

आता कधी कधी अटक हेच समोरच्यानं केलेल्या अटकेला उत्तर असतंय. २३ ऑगस्ट १९८६ ला न्यूयॉर्कमध्ये हेरगिरीच्या आरोपावरनं सोव्हिएत माणूस झाखारोव्ह धरला, ३० ला मॉस्कोत अमेरिकन पत्रकार डॅनिलॉफ आत. आठवडाभरात! तिथं वेगळं काय शोधायचं?

आणि "सगळंच नाटक असतंय" लिहिणाऱ्यांनो, तसं पण नाही, याचा मला खरंच राग येतो. २०१० बघा. २४ जूनला ओबामा आणि रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष मेदवेदेव अमेरिकेत एकत्र बर्गर खातात, २७ ला अमेरिकेत दहा रशियन हेर आत. लोक म्हणाले, मैत्री मोडायला कुणीतरी मुद्दाम केलं. अहो, अमेरिकेची तपास यंत्रणा एफबीआय त्या हेरांच्या मागावर कितीतरी वर्षं होती! त्यातला एकजण देश सोडून निघालेला, म्हणून हात घालावा लागला, आणि पाहुणा, म्हणजे मेदवेदेव, परत जाईपर्यंत थांबले ते भेट नासू नये म्हणून. मोडायला नाही, सांभाळायला. ९ जुलैला व्हिएन्नाच्या विमानतळावर दहाच्या बदल्यात रशियाच्या कैदेतले चार अशी अदलाबदल करून विषय मिटवला पण.