पाचाचं घर

मागच्या रांगेत दिसतंय ना? हे कोंबड्या झाकायचं डालगं आहे. पत्रिकेवर 'एचआयव्हीचं कवच कसं बांधलं जातं' असं छापलंय आणि मी त्याच विषयावर बोलतोय, निश्चिंत राहा.

आधी एक तक्रार. मी पदवीच्या मुलांना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असताना परीक्षेत प्रश्न आला होता, विषाणूंच्या कवचांचे आकार लिहा. एका मुलीनं वीसफलकी लिहिला, मळसूत्री लिहिला आणि खाली 'शंकू : एचआयव्ही' लिहून छोटीशी आकृतीही काढली. नमुना उत्तरात शंकू नव्हता, म्हणून तिचा गुण कापला गेला. एका गुणाचं काय एवढं, म्हणाल. पण ती बरोबर होती हो! हा शंकू कसा घडतो याचं गणित यूटा विद्यापीठातल्या वेस्ली संडक्विस्ट यांच्या गटानं 1999 सालीच मांडलं होतं. मी दोन पानी पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. मला त्याचा अजून राग येतो. कारण आपण कवच शिकवतो ते शेंगेच्या टरफलासारखं: आतला दाणा, म्हणजे विषाणूचा आरएनए किंवा डीएनए, महत्त्वाचा, बाहेरचं फेकायचं. त्या मुलीनं टरफलाकडे नीट बघितलं होतं.

तर तिच्यासाठी म्हणून मी वर्गात पुठ्ठ्याचं कवच करायला घेतलं. या कवचात एकाच प्रथिनाच्या सहा-सहा प्रती गोल धरून बसतात, म्हणून षटकोन कापले आणि एकाला एक चिकटवत गेलो. सगळं सपाट! मधमाशीच्या पोळ्यासारखं पसरत गेलं, पण वळेना. आठवडाभर ते टेबलावर तसंच पडून होतं.

सुटीत गावी गेलो. आमच्याकडे एक बुरूडकाका अंगणात बसून कामट्या विणायचे. त्यांच्या हातातली वीण बघितली तर सहाकोनी घरं! मी विचारलं, काका, हे वळवता कसं? ते म्हणाले, "मास्तर, सहाची घरं भुईसारखी पसरतात. वळवायचं तिथं एक कामटी सोडायची. पाचाचं घर पडतं, तिथं टोपली मान वाकवते." किती पाचाची लागतात? "सहा घेतली की भिंती सरळ उभ्या राहतात. पाचच घेतली तर तोंडाकडं फाकत जातात."

मी तिथेच ओट्यावर बसलो. आज तुम्हाला जे सांगायला आलोय ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं. सहा घेतली तर नळी, पाच घेतली तर शंकू. आणि असल्या विणीची टोपली दोन्हीकडून बंद करायची असेल तर पाचाची घरं बरोबर बारा लागतात. अठराव्या शतकातला गणितज्ञ ऑयलर, त्याच्या सूत्रातून हे निघतं. घरी जुन्या पद्धतीचा फुटबॉल असेल तर त्यावरचे काळे पंचकोन मोजा. बाराच भरतील.

एचआयव्हीचं कवच असंच. सुमारे अडीचशे षटकोन आणि बारा पंचकोन. निमुळत्या टोकाला पाच, रुंद टोकाला सात. पाचांनी बंद केलेल्या टोकाचा कोन गणिताने सुमारे 19 अंश येतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसणारे शंकू बहुतांशी त्याच कोनाचे असतात! काही विषाणूंत वाटणी सहा-सहा अशी होते, मग नळी होते. पोलिओच्या विषाणूत बाराही सारख्या अंतरावर, म्हणून तो चेंडू. कॅस्पर आणि क्लूग या शास्त्रज्ञांनी 1962 साली जो सिद्धांत मांडला तो अशा सममित चेंडूंचा. पाठ्यपुस्तकं तिथेच थांबली.

गंमत अशी की इथे बुरूड कुणीच नाही. सुमारे दीड हजार प्रती, सगळ्या हुबेहूब एकसारख्या. तेच प्रथिन कुठे सहाच्या घरात बसतं, कुठे पाचाच्या. त्यातला चार अमिनो आम्लांचा चिमुकला तुकडा एक रूप घेतो तेव्हा षटकोन होतो, दुसरं घेतो तेव्हा पंचकोन.

संयोजक घड्याळ दाखवतायत. बांधणीचा क्रम राहिलाच, तो भरभर सांगतो.

पेशीत आधी गॅग नावाचं एक लांब प्रथिन तयार होतं. त्याच्या दोनेक हजार प्रती पेशीच्या पडद्याला आतून चिकटतात आणि फुगवटा धरून बाहेर पडतात. हा कच्चा विषाणू, संसर्ग न करणारा. मग त्याचं स्वतःचं प्रोटिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, गॅगचे तुकडे करतं, गॅगची जुनी वीण उसवते आणि सुटलेल्या कवच-प्रथिनांतून नवा शंकू विणला जातो. सगळी प्रथिनं लागत नाहीत, बरीचशी उरतात.

या दोन्ही विणींना आधार देणारा रेणू आपल्या पेशीतलाच, आयपी सिक्स. सहा फॉस्फेटांचा, नेमका सहाच्या घरात बसणारा. 2018 साली हे उलगडलं. कोंड्यात आणि डाळींत असतं ते फायटिक आम्ल म्हणजे हेच. पण पेशी ते स्वतः बनवते, तेव्हा घरी जाऊन कुणी डाळ सोडू नका.

आणि कवच टरफल का नाही? पूर्वी वाटायचं, ते पेशीत शिरताच गळून पडतं. 2020-21च्या सुमारास दिसलं की ते अखंड राहून केंद्रकाच्या छिद्रातून आत जातं. कवच सुमारे 60 नॅनोमीटर रुंद, छिद्रही जेमतेम तेवढंच. विषाणूच्या आरएनएवरून डीएनए लिहिण्याचं काम कवचाच्या पोटात चालतं आणि कवच फुटतं केंद्रकात, आपल्या डीएनएतल्या मुक्कामाजवळ. लवकर फुटलं तरी विषाणू वाया, फुटलंच नाही तरी वाया.

लेनाकापाविर हे औषध इथेच घाव घालतं. शेजारच्या दोन प्रथिनांमधल्या खाचेत बसून ते वीण इतकी ताठ करतं की कवच तडकतं. नवी बांधणीही बिघडते. सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या 2134 तरुणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, हे 2024 साली जाहीर झालं. शून्य! मी तो आकडा तीनदा वाचला.

बास, थांबतो. हे डालगं आता पहिल्या रांगेपासून फिरवा. भिंती तोंडाकडे फाकलेल्या आहेत, बघा. पाचाची घरं किती, ते मोजून मला सांगा.