यशयाच्या गुंडाळीतील चार अक्षरे

[यरुशलेम, इस्रायल संग्रहालय. काचेमागची गुंडाळी.]

चामड्याचे १७ तुकडे एकमेकांना शिवून केलेली ही गुंडाळी सात मीटरांहून अधिक लांब आहे. १९४७ साली मृत समुद्राच्या काठी, कुमरानच्या एका गुहेत ती सापडली. तिच्यावर यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचे सगळे ६६ अध्याय ५४ स्तंभांत लिहिलेले आहेत. ती इ.स.पू. दुसऱ्या शतकातली असल्याने ती लिहिणाऱ्याला येशूचे नाव ठाऊक असणे शक्यच नव्हते, आणि म्हणूनच आपण इथून सुरुवात करीत आहोत. या ग्रंथातल्या एका वचनात ख्रिस्ती लोक कुमारीच्या पोटी झालेल्या येशूच्या जन्माचे भाकीत पाहतात, आणि त्या वाचनावरचा वाद एका शब्दाभोवती फिरतो. सातव्या अध्यायातला हा शब्द पाहावा : अल्मा. हिब्रूत चार अक्षरे, अर्थ तरुणी, वयात आलेली मुलगी.

[जुन्या यरुशलेमचा उतार, सकाळ.]

प्रसंग इ.स.पू. ७३५ च्या सुमाराचा आहे. अरामाचा राजा रसीन आणि उत्तरेकडील इस्राएलाचा राजा पेकह एक होऊन यरुशलेमावर चालून आले आहेत आणि यहूदाचा राजा आहाज भेदरला आहे. वरच्या तळ्याच्या पाटाशी, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या सडकेवर यशया त्याला गाठून धीर देतो आणि पुढे एक चिन्हही सांगतो : अल्मेला मुलगा होईल, ती त्याचे नाव इम्मानुएल, म्हणजे ‘देव आमच्यासंगे’, असे ठेवील, आणि त्या मुलाला बरे-वाईट कळू लागण्याआधीच या दोन राजांचे देश ओसाड पडतील. चिन्हाची मुदत अशी मोजक्या वर्षांची होती, आणि इ.स.पू. ७३२ मध्ये अश्शूरच्या सैन्याने रसीनची राजधानी दमास्कस खरोखरच घेतली. आहाजाच्या दृष्टीने भविष्यवाणी तिथे पुरी झाली.

[सिनायटिकस पोथीची पाने.]

चौथ्या शतकातल्या या ग्रीक पोथीत, जिचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे, यशया आणि मत्तयाचे शुभवर्तमान हे दोन्ही ग्रंथ आहेत. यशयाचे हे ग्रीक भाषांतर ख्रिस्ती लोकांनी केलेले नाही, ते येशूच्या आधीच यहुदी भाषांतरकारांनी केले होते, आणि ‘अल्मा’साठी ‘पार्थेनोस’ हा शब्द त्यांनीच निवडला. त्याचा नेहमीचा अर्थ पुरुषस्पर्श न झालेली कन्या असा असला, तरी याच ग्रीक शास्त्रात बलात्कार झालेल्या दीना या याकोबाच्या मुलीलाही तो शब्द लावला आहे. मराठी वाचकाला हा पेच नवा वाटू नये : नावामागच्या ‘कु.’मध्ये केवळ अविवाहितपण असते, ‘कौमार्य’ म्हटले की दुसराच अर्थ पुढे येतो, आणि आपल्या प्रचलित बायबलमध्ये या ठिकाणी शब्द आहे तो ‘कुमारी’. मत्तयाने ग्रीक पाठ हाती घेतला, मरियेच्या पोटी झालेल्या जन्माशी तो जोडला, आणि संदेष्ट्याचे वचन पूर्ण व्हावे म्हणून हे घडले, असे लिहिले.

[रोम, प्रिसिलाचे भूमिगत दफनस्थळ.]

छतावरच्या या पुसट चित्रात मांडीवर मूल घेतलेली स्त्री आहे आणि शेजारचा पुरुष वर ताऱ्याकडे बोट दाखवतो आहे. कोणी त्याला यशया म्हणतात, तर कोणी ‘याकोबातून तारा उदय पावेल’ असे म्हणणारा बायबलमधला द्रष्टा बलाम. तोच तारा यहुदी धर्मगुरू रब्बी अकिवाने इ.स. १३२ च्या रोमविरुद्धच्या यहुदी बंडाचा नायक बार कोखबा याच्यात पाहिला होता. त्या नावाचा अर्थच ताऱ्याचा पुत्र.

त्या युद्धातून निसटलेला ट्रायफो नावाचा यहुदी जस्टिनच्या ‘संवादा’त बोलतो. जस्टिन हा आजच्या नाब्लुसमध्ये जन्मलेला ख्रिस्ती तत्त्वज्ञ होता. दोघांचीही वाक्ये त्यानेच लिहिली असली, तरी ट्रायफोचा मुद्दा त्याने दुबळा केलेला नाही, हे त्याच्या पदरात टाकले पाहिजे. ट्रायफो म्हणतो की शास्त्रात ‘कुमारी’ नसून ‘तरुणी’ आहे आणि हे वचन आहाजाचा मुलगा हिज्कीया याच्याविषयी आहे. शिवाय कुमारीच्या पोटी देवाचा पुत्र ही तर ग्रीकांच्या पर्सियसची कथा झाली. जस्टिनचे उत्तर असे की तरुणीला मूल होणे हे रोजचेच, मग त्यात चिन्ह ते कोणते? उत्तर चतुर आहे, पण मुलाच्या वयाशी बांधलेली मुदत त्यात मागे पडते. पुढे तो यहुद्यांवर शास्त्रातली वचने गाळल्याचा आरोप करतो आणि दाखला देतो तो ‘प्रभूने लाकडावरून राज्य केले’ या स्तोत्रातल्या ओळीचा. त्यातले ‘लाकडावरून’, म्हणजे क्रुसावरून, हिब्रू पाठात नाही. ते बहुधा एखाद्या ख्रिस्ती हातानेच भरलेले असावे.

[बेथलेहेम, जेरोमची गुहा.]

इ.स. ३८६ मध्ये बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम या गावी येऊन राहिला. एका यहुदी गुरूकडे तो रात्री हिब्रू शिके, आणि कैसरिया शहरात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाची ती प्रचंड पोथीही त्याने पाहिली होती, जिच्यात हिब्रू पाठ आणि ग्रीक भाषांतरे सहा स्तंभांत शेजारी शेजारी मांडली होती. त्यांतल्या आक्विला या यहुदी भाषांतरकाराच्या भाषांतरात ‘पार्थेनोस’ काढून ‘नेआनिस’, म्हणजे तरुणी, असा शब्द घातलेला होता. हे सारे ठाऊक असूनही जेरोमने लॅटिनमध्ये ‘व्हिर्गो’, कुमारी, हाच शब्द लिहिला. ‘अल्मा’चे मूळ ‘लपवणे’ या धातूत आहे, म्हणून ती पुरुषाच्या नजरेआड ठेवलेली कन्या, असे त्याचे समर्थन होते. हिब्रूत कुमारीसाठी ‘बेथुला’ हा शब्द आहे, हेही त्याला माहीत होते.

या वादातून ‘यहुद्यांविरुद्ध’ अशा मथळ्यांचे लेखन शतकानुशतके होत राहिले आणि त्याची झळ यहुदी वस्त्यांना लागली.

[मिलान, संत अँब्रोजचे चर्च. दगडी शवपेटी.]

चौथ्या शतकातल्या या कोरीवकामात बाळाजवळ मरिया नाही, योसेफ नाही. आहेत ते बैल आणि गाढव. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतल्या जन्मकथांत हे प्राणी कुठेच नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले आहेत : बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव आपल्या मालकाची गव्हाण ओळखते. ‘इस्राएल मात्र ओळखत नाही’ हा त्या वचनाचा पुढचा भाग कोरलेला नाही.