टक्के कशावरचे आणि किती काळाचे?

नमस्कार मंडळी. उन्हाळ्याची सुट्टी लागली की या चॅनेलवर येणारे प्रश्न वाढतात आणि त्यांचे विषयही ठरलेले असतात: सुट्टीत कोणता सिनेमा पाहावा, पगारातून उरलेल्या पैशांची हौसेने केलेली गुंतवणूक नीट चालली आहे का, आणि या दोन महिन्यांत स्वतःमध्ये काही सुधारणा करायची असेल तर सुरुवात कोठून करावी. या वर्षी मात्र एका प्रश्नाने बाकी सर्वांना मागे टाकले आहे. आपल्या सांगली जिल्ह्यातील मिरज, तासगाव, विटा, इतकेच नव्हे तर शेजारच्या साताऱ्यातून, कराडहूनही एकाच अर्थाची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा येते आहे: "ताई, तीन वर्षे नेमाने एसआयपी भरली, पण वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या वर काही सुटले नाही. त्यापेक्षा पीपीएफ काय वाईट होते?"

पीपीएफ म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, सरकारने ठरवलेल्या व्याजाची बचत योजना. या प्रश्नातील गुंतवणूक कदाचित उत्तम चालली असेल. त्यातील हिशेब मात्र चुकलेला आहे. आज मी प्रामुख्याने या एका हिशेबावरच बोलणार आहे. पॅन, केवायसी, डीमॅट खाते, एसआयपी म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे, हे आता बहुतेकांना माहीत आहे. घरात अचानक खर्च उभा राहिला तर काही महिने निभावेल इतकी रक्कम बँकेत वेगळी ठेवावी आणि मगच बाजाराकडे वळावे, हेही आपण अनेकदा बोललो आहोत.

आता उदाहरण घेऊ. समजा, आपण दरमहा ५,००० रुपये याप्रमाणे ३ वर्षे गुंतवले, म्हणजे एकूण १,८०,००० रुपये गेले, आणि आज त्यांचे मूल्य २,१६,००० रुपये आहे. नफा ३६,००० रुपये, म्हणजे २० टक्के. त्याला तीनने भागले की वर्षाला साधारण ६.७ टक्के. बहुतेक प्रेक्षकांनी हिशेब असा मांडला आहे आणि त्यातील भागाकार अगदी बरोबर आहे. चुकते ते गृहीतक. हा हिशेब असे धरून चालतो की पूर्ण १,८०,००० रुपये पहिल्या दिवसापासून बाजारात होते. प्रत्यक्षात पहिला हप्ता ३६ महिने कामाला होता, मधला हप्ता दीड वर्ष, आणि शेवटचा हप्ता जेमतेम एक महिना. सगळे हप्ते मिळून सरासरी काढली तर आपला पैसा सुमारे दीड वर्षच गुंतलेला होता. दीड वर्षात २० टक्के मिळाले, असे म्हटल्याबरोबर चित्र पालटते. प्रत्येक हप्त्याचा काळ स्वतंत्रपणे धरून वार्षिक दर काढला तर तो १२ टक्क्यांच्या थोडा वर येतो.

बाजार १२ टक्के देतोच, असे मी म्हणत नाही. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांहून अधिक कोसळला होता. मुद्दा एवढाच आहे की आपल्या हातात प्रत्यक्ष आलेला परतावा चुकीच्या रीतीने मोजून तो निम्मा समजू नये.

आणि पीपीएफशी तुलना करायचीच असेल तर दोन्हीकडे एकच माप लावले पाहिजे. पीपीएफचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्क्यांवर आला आणि त्यानंतर अनेक वर्षे तेथेच राहिला. हा दर काळ धरूनच लावला जातो. म्हणूनच महिन्याच्या ५ तारखेनंतर भरलेल्या रकमेवर त्या महिन्याचे व्याज मिळत नाही. याच दराने पीपीएफमध्ये ३ वर्षे दरमहा वेळेवर ५,००० रुपये भरले तर खात्यात साधारण २,००,५०० रुपये जमतात. आता आपल्या प्रेक्षकांची रीत येथे लावून पाहा. नफा २०,५०० रुपये, भागिले १,८०,०००, भागिले ३, उत्तर ३.८ टक्के. पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे हे आपल्याला ठाऊक असताना ज्या रीतीने तो ३.८ टक्के दिसतो, ती रीत एसआयपीला तरी कशी लावायची?

आता हीच गोष्ट उलट बाजूने पाहू, कारण या बाजूला लोकांचे खरोखर नुकसान होते आणि त्याविषयी मला मनापासून चीड आहे. माझ्या नात्यातील एका गृहस्थांनी दुकानातून वस्तू घेण्यासाठी कर्ज काढले. विक्रेत्याने त्यांना "फक्त १० टक्के, फ्लॅट" असे सांगितले होते. समजा, रक्कम १,२०,००० रुपये आणि मुदत १२ महिने. १० टक्क्यांनी व्याज १२,००० रुपये, एकूण परतफेड १,३२,००० रुपये, दरमहा ११,००० रुपये. ऐकायला सोपे आणि स्वच्छ वाटते. परंतु पहिला हप्ता भरल्याबरोबर मुद्दल कमी होऊ लागते. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत निम्मे मुद्दल परत गेलेले असते, आणि तरीही व्याज मात्र पूर्ण १,२०,००० रुपयांवर पूर्ण वर्षाचे आकारलेले असते. उरलेल्या मुद्दलावर हिशेब केला तर या कर्जाचा खरा वार्षिक दर जवळपास १८ टक्के येतो. ज्या चुकीमुळे एसआयपीत आपला परतावा निम्म्यासारखा दिसतो, त्याच चुकीमुळे कर्जात आपले व्याजही निम्म्यासारखे दिसते. एक चूक आपल्याला चांगल्या गुंतवणुकीतून बाहेर काढते आणि दुसरी महागड्या कर्जात ओढते. म्हणून कर्ज घेताना "घटत्या शिल्लकेवर दर किती?" हा प्रश्न दुकानातच, सही करण्यापूर्वी, मोठ्याने विचारावा आणि उत्तर कागदावर मागावे.

काहींना वाटते की हा काळाचा विचार शहरी आहे, ॲप आणि संगणक आल्यानंतरचा आहे. सांगलीत बसून असे म्हणणे मला पटत नाही. आपल्या शेजारच्या हरिपुरात हळद साठवण्यासाठी जमिनीत पेवे होती, हे येथील बहुतेकांना माहीत आहे. २००५ च्या महापुरात त्यांतील बरीच खराब झाली. या पेवांत माल कधी कधी कित्येक वर्षे ठेवला जाई. बाजारातील एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांना मी विचारले होते की चांगला भाव कोणता म्हणायचा. त्यांनी भाव सांगितलाच नाही, त्यांनी मला उलट विचारले, "माल किती दिवस ठेवला होता ते आधी सांगा." १०,००० रुपये क्विंटलने घेतलेली हळद १३,००० रुपयांनी विकली तर ३० टक्के सुटले, हे खरे. हे ३० टक्के एका वर्षात सुटले तर व्यवहार फार चांगला झाला. तेच ४ वर्षांनी सुटले तर चक्रवाढीने वर्षाला ७ टक्केही पडले नाहीत, आणि त्यातून साठवणुकीचे भाडे, हमाली अजून वजा व्हायचीच आहे. लिलावाच्या भिशीतही हेच चालते: ज्याला रक्कम आधी हवी असते तो तोटा सोसून उचल घेतो, आणि शेवटपर्यंत थांबणाऱ्यांच्या वाट्याला तो तोटा लाभ म्हणून येतो. भिशी चालवणाऱ्या आपल्या आई-मावश्यांना काळाची किंमत पक्की समजते. तीच समज एसआयपीचे विवरणपत्र उघडल्यावर का गळून पडावी, याचे मला खरोखर वाईट वाटते.

विट्याहून एका प्रेक्षकांनी लिहिले आहे की त्यांच्या घरातील सोन्याची किंमत २५ वर्षांत १६ पट झाली, तेव्हा बाकी सर्व गुंतवणुकी व्यर्थ आहेत. सोने गाळण्याच्या धंद्यासाठी तेथील कुटुंबे भारतभर पसरलेली आहेत. त्यांचा सोन्यावर विश्वास असणे स्वाभाविक आहे आणि मला त्याचा आदर आहे. तरीही १६ पट म्हणजे चार वेळा दुप्पट. २५ वर्षांत चार वेळा, म्हणजे सुमारे सव्वासहा वर्षांत एकदा दुप्पट. रक्कम दुप्पट व्हायला लागणाऱ्या वर्षांनी ७२ ला भागले की वार्षिक दराचा अंदाज मिळतो, म्हणून ७२ ला सव्वासहाने भागा. वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास दर येतो. हा दर चांगला आहे. परंतु तो "१६ पट" या शब्दांइतका अद्भुत नाही, आणि तो दागिन्याची घडणावळ धरलेली नसतानाचा आहे.

आता खरा दर काढायचा कसा, हे सांगते, कारण येथेच बहुतेक जण अडखळतात. स्प्रेडशीटमध्ये एक्सआयआरआर नावाचे सूत्र असते. एका स्तंभात तारखा लिहायच्या, दुसऱ्या स्तंभात रकमा. आपल्या खिशातून गेलेली प्रत्येक रक्कम उणे चिन्हासह लिहायची. मध्ये लाभांश मिळाला असेल किंवा काही युनिट विकले असतील तर ती रक्कम अधिक. आणि सर्वांत शेवटी आजची तारीख टाकून त्यापुढे गुंतवणुकीचे आजचे संपूर्ण मूल्य अधिक म्हणून लिहायचे, जणू आजच सर्व विकले. ही शेवटची ओळ विसरली की सूत्र चालत नाही आणि लोक मला लिहितात की सूत्र बिघडलेले आहे. सूत्र बिघडलेले नसते. पैसे फक्त जाताना दिसतात आणि परत येताना दिसत नाहीत, मग दर कशाचा काढणार? उणे चिन्ह विसरले तरी तोच प्रकार होतो. तिसरी अडचण तारखांची असते: बँकेच्या विवरणातून उतरवलेली तारीख कधी कधी नुसता मजकूर म्हणून साठते, आणि मग ती पुन्हा हाताने टाकावी लागते.

मात्र एक वर्ष पूर्ण होण्याआधी या आकड्याकडे पाहूच नये, असा माझा आग्रह आहे. एका महिन्यात ५ टक्के वाढ झाली तर हे सूत्र ती वाढ वर्षभर तशीच चालू राहील असे धरते आणि ८० टक्क्यांच्या जवळचा दर दाखवते. तो आकडा पाहून गेल्या महिन्यात एका तरुण प्रेक्षकाने नोकरी सोडण्याचा विचार कळवला होता. मी त्याला तेव्हाच उत्तर दिले आणि येथेही सांगते की त्या आकड्यावर आयुष्याचा कोणताही निर्णय घेऊ नये. असेच काहीसे ऑप्शनच्या, म्हणजे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या, व्यवहारांचे. "एका दिवसात ४० टक्के" अशी चित्रे मला पाठवली जातात, पण ते ४० टक्के त्या दिवशी लावलेल्या छोट्या रकमेवरचे असतात. खात्यात वर्षभर घातलेल्या आणि गेलेल्या पैशांवरचे नसतात. शेअर बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत शेअर बाजारातील फ्युचर्स-ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ व्यक्ती तोट्यात होत्या. हौस म्हणून गुंतवणूक करावी, अभ्यास करावा, कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचावेत. मलाही ते फार आवडते. ऑप्शनला मी त्या हौसेत बसवत नाही.

सिनेमांविषयी विचारणाऱ्यांनाही मी हेच विचारेन. शनिवारी रात्री प्रदर्शित होणारे "इतके कोटी" हे आकडे कशाचे असतात? बहुतेक वेळा ते एकूण विक्रीचे असतात. त्यात तिकिटावरचा जीएसटी असतो, चित्रपटगृहाचा वाटा असतो, आणि हे सर्व जाऊन निर्मात्यापर्यंत पोहोचणारी रक्कम त्याच्या निम्म्याहून कमी असू शकते. शिवाय चित्रपटाचा खर्च किती होता, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी, ऐन उन्हाळ्यात, प्रदर्शित झालेला 'सैराट' सुमारे ४ कोटी खर्चाचा होता आणि त्याच्या तिकीटविक्रीने १०० कोटींचा टप्पा ओलांडला. दुसरा एखादा चित्रपट १०० कोटी मिळवूनही तोट्यात जाऊ शकतो. मला मात्र याहून महत्त्वाचे हे वाटते की प्रेक्षकाने हा हिशेब करूच नये. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी मराठी नाटक ज्या गावात उभे केले, त्या गावाच्या रसिकाने मुलांना घेऊन थिएटरात जाताना चित्रपट चांगला आहे का एवढेच विचारावे.

राहिला स्वतःमध्ये सुधारणा करण्याचा विषय. "रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षात ३७ पट" हे वाक्य मला या महिन्यात इतक्या जणांनी पाठवले आहे की त्यावर बोलणे भाग आहे. गणित बरोबर आहे, १.०१ चा ३६५ वा घात ३७ च्या पुढे जातो. पण टक्का कशाचा? समजा, कोणी कृष्णाकाठी ५ किलोमीटर ३५ मिनिटांत धावतो. त्याने रोज वेळ एक टक्क्याने कमी केली तर वर्षाअखेरीस तो तेच अंतर एका मिनिटाच्या आत पूर्ण करील. तसे होत नाही, कारण व्याज मुद्दलात मिसळते आणि पुढे स्वतः व्याज कमावते, तर शरीराची सुधारणा आधी झपाट्याने होते आणि मग मंदावते. ही वस्तुस्थिती ठाऊक नसलेली मुले दुसऱ्या महिन्यात स्वतःला आळशी समजू लागतात, आणि ते मला सहन होत नाही. तुम्ही ३५ मिनिटांवरून सुट्टी संपेपर्यंत ३२ मिनिटांवर आलात तर ती फार चांगली प्रगती आहे. तारीख आणि वेळ वहीत लिहा, आणि पावसाळ्यात खंड पडला तर तोही लिहा.

पुढच्या भागात म्युच्युअल फंडाच्या डायरेक्ट (थेट घेतलेल्या) आणि रेग्युलर (मध्यस्थामार्फत घेतलेल्या) योजनांतील खर्चाविषयी बोलेन. डायरेक्ट योजना १ जानेवारी २०१३ पासून उपलब्ध आहेत. तोपर्यंत आपल्या विवरणपत्रावर खर्चाचे प्रमाण कोठे लिहिले आहे ते शोधून ठेवा, आणि ते केवळ नव्या हप्त्यावर नव्हे, तर जमलेल्या संपूर्ण रकमेवर दरवर्षी आकारले जाते, हे लक्षात घेऊन एकदा रुपयांत मांडून पाहा.