संकटात काय करायचं, काय टाळायचं

संकट आलं की श्रद्धा वाढते, असं आपण प्रवचनात सर्रास ऐकतो. नेहमीच वाढते असं नाही. २०१२ साली गोव्यात खाणी बंद पडल्या, ट्रकांचे हप्ते थकले. अशा वेळी सांगे-केपे या खाणपट्ट्यातलं एक ख्रिस्ती घर लदाईनीला (गाऊन करायच्या सामूहिक प्रार्थनेला) जास्त ओढीनं येऊ लागतं आणि शेजारचं मिस्साच, म्हणजे चर्चमधली उपासनाच, सोडून देतं. बायबलातल्या रोमकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो, संकटानं धीर, धीरानं शील, शीलानं आशा (५:३-४). पण ही साखळी आपोआप जुळत नाही. मधल्या काळात माणूस काय करतो, त्यावर सगळं ठरतं.

पहिलं काम, तक्रार करायची. बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत आणि आपण मात्र 'देवाची इच्छा' म्हणून तोंड मिटून बसतो! तेरावं स्तोत्र घ्या, सहाच ओव्यांचं. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर?' हा प्रश्न चारदा येतो. पुढच्या दोनांत नेमकं मागणं आहे. भरवसा येतो तो शेवटच्या दोनांत. हाच क्रम धरून रात्री वहीत आपलं स्तोत्र लिहा. बँकेचं नाव, आजाराचं नाव, भांडलेल्या भावाचं नावसुद्धा येऊ द्या. बहुतेकांचं चुकतं ते इथे, कारण तक्रार दोन ओळींत उरकून थेट आभारावर उडी मारली जाते. मग आतला राग तसाच राहतो आणि पुढे देवावर नाही, तर घरच्यांवर निघतो. भरवसा उमटला नाही तर ओढूनताणून लिहू नका. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तेही बायबलात आहे.

दुसरं, प्रार्थना कोरडी पडते तेव्हा काय करायचं. यावर जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याच्याइतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलंय. १५२१ मध्ये पांपलोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या तो मनातले चढउतार तपासायला शिकला. त्याचा नियम असा: उदासीत जुना निर्णय बदलू नका. मन शांत असताना घेतलेलं व्रत, नेम, लग्नाचं वचन कोरड्या दिवसांत मोडायचं नाही. उलट ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्त बसायचं. अर्धा तास ठरवला असेल तर पाच मिनिटं वर. मन उठायची घाई करतं, म्हणूनच.

कोरडेपणाची तीन कारणं तो देतो: आपला आळस, देवानं घेतलेली आपली पारख, आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे हे कळणं. आपल्याकडे माणूस पहिल्याच कारणावर अडकतो, 'माझंच पाप' म्हणतो आणि तेच तेच कुमसार (पाद्रीपुढे पापांची कबुली) करत राहतो. आळस झाला असेल तर एकदा कबूल करा, नेम सुधारा, पुढे चला.

बाणावलीचे संत जुझे वाझ पाहा. श्रीलंकेतल्या कँडीत हेर समजून त्यांना तुरुंगात टाकलं, तर ते तिथे सिंहली शिकायला बसले. दुःखाचा अर्थ लावत बसण्यापेक्षा हाताशी असलेलं काम, हे मला जास्त पटतं.

सांत्वनाला जाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. बायबलात संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस, सात रात्री गप्प बसले तेवढंच बरोबर केलं. तोंड उघडून कारणं सांगू लागले आणि शेवटी देवाचाच ठपका ओढवून घेतला (४२:७). तेव्हा मेलेल्या घरी 'देवाला चांगलीच माणसं आवडतात' म्हणू नका. पेज घेऊन जा, बसा.

आणि एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. नवरा मारतो, त्या बाईला 'हा तुझा खुरीस' (तू वाहायचा क्रूस) म्हणणं हा सरळ अन्याय आहे. निर्णय न बदलण्याचा नियम मार खात राहण्यासाठी नाही. तिला आधी सुरक्षित घर, मग पोलीस. तसंच आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, मरणाचे विचार येतात, तर तो कोरडेपणा समजून नुसती रोझारी (जपमाळ) वाढवू नका. त्याच दिवशी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरकडे न्या, आणि सोबत कुणीतरी जा.