फोनवरची हवा आणि शाळेच्या फाटकावरची हवा

नमस्कार. सकाळी उठल्यावर तुम्ही फोनवर हवेचा निर्देशांक पाहिलात. हिरवा होता. निर्धास्तपणे मुलाला शाळेत सोडायला निघालात. आता माझ्याबरोबर त्या शाळेच्या फाटकाशी या. पंधरा-वीस गाड्या उभ्या आहेत, इंजिनं चालू आहेत, आणि सायलेन्सरची तोंडं मोठ्यांपेक्षा मुलांच्या नाकाच्या जास्त जवळ आहेत.

फोनवरचा आकडा खोटा नव्हता. पण तो या फाटकाचा नव्हता. तो कदाचित काही किलोमीटरवरच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचा होता, आणि बरेचदा असा आकडा चोवीस तासांची सरासरी असतो. मूल मात्र सरासरी हवा घेत नाही. त्या क्षणी तिथे जी असेल ती घेतं, आणि वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा जास्त घेतं.

आपला मुख्य शत्रू म्हणजे पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. ते फुप्फुसात खोलवर उतरतात, त्यातले सगळ्यात बारीक तर रक्तातही जातात. म्हणून हा प्रश्न खोकल्या-दम्यापुरता राहत नाही, हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला १० मायक्रोग्रॅमवरून ५ वर आणली. बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे २०१९ मध्ये जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले, असा याच संघटनेचा अंदाज आहे.

पण मला जास्त हलवून गेलेली गोष्ट एका छोट्या खोऱ्यातली आहे. अमेरिकेतल्या यूटा खोऱ्यातला पोलादाचा कारखाना १९८६ मध्ये साधारण वर्षभरासाठी बंद पडला, नंतर पुन्हा सुरू झाला. आर्डेन पोप या अभ्यासकाने तिथल्या रुग्णालयांच्या नोंदी काढल्या. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वसनाच्या आजारांनी दाखल होणारी मुलं, तो बंद असतानाच्या हिवाळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट होती. खोरं तेच, हिवाळा तोच. फरक एका धुराड्याचा.

म्हणूनच मोजायचं, आणि मोजायचं ते उगम सापडावा म्हणून.

[हातात सेन्सर]

हा स्वस्तातला सेन्सर. आत एक छोटा पंखा हवा ओढतो, लेझरचा झोत कणांवर पडतो, आणि विखुरलेल्या प्रकाशावरून आकडा काढला जातो. इथेच पहिली फसगत होते. हवा दमट असेल तर कण पाणी शोषून फुगतात, आणि सेन्सरला वाटतं प्रदूषण वाढलं. धुक्याच्या सकाळी आकडा एकदम चढला म्हणून लगेच घबराट पसरवू नका. आधी हा सेन्सर दोन-तीन आठवडे अधिकृत केंद्राशेजारी ठेवा. दोघांच्या आकड्यांत किती फरक पडतो ते पाहा आणि पुढे तेवढी दुरुस्ती करत जा. हे कंटाळवाणं काम टाळलंत, तर कुणीही अधिकारी तुमचे आकडे दोन मिनिटांत बाजूला सारेल, आणि ते चूकही म्हणता येणार नाही. आणखी एक, पीएम १० साठी, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी, याच्या भरवशावर राहू नका. जाडसर धूळ या चिमुकल्या पंख्याने नीट ओढलीच जात नाही.

वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू आहे, तो याला दिसत नाही. त्यासाठी बोटभर लांबीची नळी मिळते. ती खांबावर दोन ते चार आठवडे टांगायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. तिच्यातून तासातासाचा आलेख मिळत नाही, पण कुठला कोपरा जास्त वाईट आहे ते स्वच्छ कळतं.

सेन्सर गच्चीवर लावू नका. लोक श्वास घेतात त्या उंचीच्या जवळ लावा, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून आणि जनरेटरपासून लांब.

[पडद्यावर आलेख]

आता आलेख वाचू या. सकाळ-संध्याकाळ दोन उंचवटे दिसले तर संशय वाहतुकीवर. रात्री उशिरा चढत गेला तर दोन शक्यता आहेत. कुणीतरी काहीतरी जाळतंय, किंवा थंड रात्री जमिनीलगतची हवा गारठून खाली बसलीय आणि वरच्या उबदार हवेने तिच्यावर झाकण घातलंय. अशा रात्री थोडासा धूरही तिथेच साचून राहतो. वाऱ्याची दिशासुद्धा वहीत टिपत जा. एकाच दिशेचा वारा असताना आकडा चढत असेल, तर त्या दिशेला चालत जा आणि डोळ्यांनी बघून या.

उगम सापडला की पुढे काय? कचरा जळत असेल तर तो जाळणाऱ्या सफाई कामगाराला दंड करून काही होत नाही. कचरा वेळेवर उचलला जात नाही म्हणून तो जळतो. मागणी उचलण्याच्या वेळापत्रकाची करा. डब्लिनमध्ये १९९० साली घराघरांत जाऊन समजावत बसण्याऐवजी धुरकट कोळशाची विक्रीच बंद केली, आणि हवेतला काळा धूर सुमारे ७० टक्क्यांनी घटला. शाळेपुढे तर आणखी सोपं आहे: भरण्या-सुटण्याच्या वेळी अर्धा तास रस्ता गाड्यांना बंद, आणि थांबलेल्या गाडीचं इंजिन बंद. चालत येणाऱ्या मुलांना हमरस्त्याऐवजी एक गल्ली आतून आणा, कारण रस्त्यापासून दूर गेलं की वाहनांचा धूर झपाट्याने विरळ होतो.

एअर प्युरिफायर बंद खोलीत आजारी माणसासाठी जरूर वापरा. पण फाटकावर त्याचा उपयोग नाही. आणि मोजणी यंत्राभोवतीच पाणी मारून आकडा उतरवण्याचा प्रकार कुठे दिसला, तर गप्प बसू नका. तिथे हवा साफ होत नाही, आपली फसवणूक होते.

बदल केल्यावर पुन्हा मोजा, त्याच जागी, त्याच वेळी, निदान काही आठवडे. आणि दुसरा सेन्सर जिथे काहीच बदललं नाही अशा जागी चालू ठेवा. दोन्हीकडे आकडा उतरला तर ती वाऱ्या-पावसाची कृपा. फक्त फाटकावर उतरला, तर ते बंद केलेल्या इंजिनांचं काम. तो आलेख घेऊन मग शेजारच्या शाळेतल्या पालकांना भेटा.